होयाची वेल घरात जगवायची आणि फुलवायची कशी: सांगलीच्या हवेत शिकलेले धडे

आमच्या दिवाणखान्याच्या पूर्वेकडच्या खिडकीत लटकणारी होयाची वेल आता सहा वर्षांची आहे. पहिली तीन वर्षं तिने एकही फूल दिलं नाही. चौथ्या वर्षी फुलली, पाचव्या वर्षी माझ्या सख्ख्या मामाने तिची छाटणी केली, आणि आता कुठे ती पुन्हा मार्गी लागते आहे. तिच्या आधीच्या दोन वेली मी स्वतःच्या हाताने मारल्या. एक काळ्या मातीत, दुसरी पाण्याने. त्या वेळी कुणी चार गोष्टी धड सांगितल्या असत्या तर त्या वाचल्या असत्या, म्हणून हे लिहितेय.

होया म्हणजे जाड, मेणचट पानांची वेल. फुलं पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखी, एका झुबक्यात वीस-पंचवीस, आणि इतकी गुळगुळीत की पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो, "खरी आहेत का प्लास्टिकची?" बऱ्याच जणांकडे तिला नुसतं 'वॅक्स प्लांट' म्हणतात. कूळ आपल्या रुईचं. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१० मध्ये थॉमस हॉय नावाच्या माळ्याच्या सन्मानार्थ हे नाव दिलं. एका माळ्याचं नाव अख्ख्या प्रजातीला मिळालं, हे मला फार आवडतं.

एवढं ध्यानात ठेवा की रानात ही वेल बहुतेक करून झाडांच्या खोडांवर, फांद्यांवर वाढते. मुळांना साल, पालापाचोळा आणि हवा लागते. पाऊस पडतो, निथळून जातो, मुळं सुकतात, पुन्हा पाऊस पडतो. पुढचं सगळं यावरूनच ठरतं.

१. रोप निवडताना

पहिल्यांदाच घेत असाल तर होया कार्नोसा, प्युबिकॅलिक्स किंवा ऑस्ट्रॅलिस, या तिघींपैकी एक घ्या. तिघी दणकट आहेत आणि आपल्याकडचा उन्हाळा काढतात. प्युबिकॅलिक्स झपाट्याने वाढते. पांढऱ्या-गुलाबी कडांच्या पानांच्या जाती दिसायला सुरेख, पण हिरवा भाग कमी म्हणून वाढ संथ. होया बेला नाजूक आणि लटकायला फार देखणी, मात्र तिला गारवा आणि दमटपणा लागतो. सांगलीच्या मे महिन्यात तिने माझ्या मैत्रिणीकडे तीन आठवड्यांत मान टाकली.

आता सापळे.

पहिला सापळा बदामाच्या आकाराच्या एकाच पानाचा. फेब्रुवारीत छोट्या कुंडीत खोचलेलं एक जाड बदामी पान विकायला येतं. ती होया केरी. पान खरं असतं, त्याला मुळंही फुटलेली असतात, पण सोबत खोडाचं पेर (जिथून पान-फांदी फुटते तो सांधा) नसेल तर त्यातून वेल कधीच निघत नाही. पान दोन-तीन वर्षं तसंच हिरवं बसून राहतं. माझ्याकडे असं एक होतं. रोज सकाळी मी कोंब शोधायचे. घ्यायचंच असेल तर खोडाचा तुकडा आणि निदान दोन पानं असलेलं घ्या.

दुसरा सापळा महाबळेश्वर-पाचगणीचा. फिरायला गेलं की येताना स्ट्रॉबेरीबरोबर एखादं रोप गाडीत येतंच. तिथल्या गारव्यात वाढलेलं रोप एप्रिलमध्ये सांगली-मिरजेच्या उन्हात आणलं की आठ दिवसांत पानं गाळतं. रोप चांगलं असतं, हवा बदललेली असते. शक्य तर जून ते सप्टेंबरमध्ये आणा, आणि पहिले पंधरा दिवस घरातल्या त्यातल्या त्यात गार, उजेडाच्या कोपऱ्यात ठेवा. आल्या आल्या कुंडी बदलू नका.

तिसरी गोष्ट सापळ्यापेक्षा विनंती समजा. होयाची एक रानटी जात, होया वाइटी, आपल्या सह्याद्रीतच आहे. कासच्या पठारावरची कंदीलपुष्पंही हिच्याच कुळातली. कोयना-चांदोलीचं जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं. तिथून काडी तोडून आणणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय ती काडी फ्लॅटच्या खिडकीत जगतही नाही. रानातली रानात बघावी.

रोपवाटिकेत रोप हातात घेतलं की पान उलटं करून बघा. मग पान आणि खोड जिथे मिळतात त्या बगलेत बघा. तिथे कापसासारखं पांढरं काही दिसलं तर रोप परत ठेवा, कितीही स्वस्त असलं तरी.

२. सामानाची यादी

हे सगळं मिळून एका पिशवीत मावतं:

- ४ इंची कुंडी, तळाला भरपूर भोकं असलेली
- नारळाच्या सोडणाचे तुकडे (कोको चिप्स म्हणून मिळतात)
- पर्लाइट (पांढरे, हलके खडे), किंवा फुटक्या विटेचे हरभऱ्याएवढे खडे
- लाकडी कोळसा, बारीक फोडलेला
- गांडूळखत, दोन मुठी
- उदबत्तीची जळून उरलेली काडी (गंमत नाही, पुढे लागेल)
- मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट आणि कापूस
- कडुलिंबाचं तेल
- धारदार कात्री, जी घरातल्या इतर माणसांच्या हाती लागणार नाही अशी

आणि लटकवायचं असेल तर छताचा हूक नीट ड्रिल मारून, फिशर घालून बसवून घ्या. पाणी घातल्यावर मोठी कुंडी तीन-चार किलो सहज भरते. पडद्याच्या दांडीला अडकवणाऱ्यांची दांडी कुंडीसकट खाली आलेली मी पाहिली आहे. भाड्याचं घर असेल तर आधी मालकांना विचारा.

३. जागा

पूर्वेची खिडकी सगळ्यांत उत्तम. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंतचं कोवळं ऊन पानांवर पडावं, पुढे दिवसभर नुसता लख्ख उजेड. पश्चिमेची खिडकी असेल तर पातळ पडदा हवाच. मार्चपासून मेपर्यंत दुपारी तीनचं ऊन काचेतून आलं की पानं आधी लालसर, मग पिवळट-पांढरी होतात आणि तो डाग पुन्हा हिरवा होत नाही. उत्तरेच्या खिडकीत वेल जगेल, पण फुलांची आशा कमी.

उजेड पुरेसा आहे का, हे डोळ्यांना कळत नाही, कारण डोळे अंधाराला सरावतात. दुपारी बारा वाजता कुंडीच्या जागी पांढरा कागद धरा आणि त्यावर वीतभर अंतरावर पंजा धरा. सावलीच्या कडा स्पष्ट दिसल्या तर जागा पक्की. पुसट सावली दिसली तर वेल वाढेल पण फुलायला कुरकुर करेल. सावलीच नसेल तर तिथे दुसरं काहीतरी ठेवा. खिडकीपासून सहा फुटांवरच्या टीव्हीच्या कपाटावर होया 'छान दिसते' खरी, वर्षभर दिसते, आणि वर्षभर जशीच्या तशी दिसते.

पंख्याचा झोत थेट वेलीवर नको. कूलर चालेल, त्याची ओल तिला आवडते, पण तोही अंगावर सोडू नका. आपल्याकडची थंडी तिला घरात बाधत नाही. पारा १० अंशांच्या खाली जाण्याची शक्यता असलेल्या रात्री ती उघड्या गॅलरीत राहू नये इतकंच बघा.

४. कुंडी आणि मिश्रण

माझी पहिली वेल इथे गेली. माहेर कृष्णाकाठचं. आईने प्रेमाने शेतातली काळी माती पोतंभर दिली. ज्या मातीत ऊस आणि हळद उभी राहते तिच्यात एक वेल काय जड आहे, असं वाटलं. ती माती ओली झाली की लोण्यासारखी चिकट, सुकली की दगड. चार महिन्यांत मुळं गुदमरली. कुंडी उपडी केली तेव्हा अख्खा काळा गोळा विटेसारखा बाहेर आला आणि त्यात मुळं नावालाही नव्हती.

म्हणून माती अजिबात नको, लाल नको, काळी नको. माझं प्रमाण असं: नारळाचे तुकडे २ भाग, विटेचे खडे किंवा पर्लाइट १ भाग, कोळसा १ भाग, गांडूळखत १ भाग. नारळाचे तुकडे आदल्या रात्री बादलीत भिजत घाला आणि चहासारखं तपकिरी पाणी दोन-तीनदा ओतून द्या. त्यात क्षार असतात. विटेचे खडेही धुऊन घ्या, नाहीतर त्यांची भुकटी तळाला बसून भोकं बुजवते. मिश्रण तयार झालं की मूठभर घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर लाडू वळला गेला तर चुकलं, अजून खडे घाला. भुरभुर सुटलं पाहिजे.

कुंडी लहान असावी. ही गोष्ट लोकांच्या गळी उतरत नाही. वेल चार फूट लोंबते आहे आणि कुंडी ४ इंची, हे बघून प्रत्येक पाहुणा म्हणतो, "अहो, मोठी कुंडी द्या की बिचारीला." देऊ नका. मोठ्या कुंडीत मुळं जेवढं पाणी पितात त्यापेक्षा जास्त पाणी साठून राहतं. शिवाय मुळं जरा दाटली की वेल फुलांकडे वळते. दोन-तीन वर्षांनी भोकांतून मुळं बाहेर डोकावली की एकच इंच मोठी कुंडी. कळ्या असताना तर कुंडीला हातच लावू नका.

मातीची कुंडी लवकर सुकते, म्हणून हात सैल असणाऱ्यांनी मातीची घ्यावी. विसराळू मंडळींनी प्लास्टिकची.

५. पाणी

दुसरी वेल मी तुळशीबरोबर मारली. रोज सकाळी तुळशीला पाणी घालायचं, तांब्यात उरलेलं हिला. सवयच झाली. दीड महिन्याने पानं सुरकुतली. मला वाटलं तहान लागली, म्हणून संध्याकाळीही घालायला लागले. आठवड्याने पानं पिवळी पडून आपोआप गळू लागली. कुंडीतून कुजक्या कांद्यासारखा वास येत होता आणि मुळं शिजलेल्या शेवयांसारखी, बोटात धरली की तुटायची.

खरी गोम अशी की, पाणी कमी पडलं तरी पान सुरकुततं आणि पाणी जास्त होऊन मुळं कुजली तरी पान सुरकुततं. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून वेल पाण्यात उभी राहून तहानेने मरते. पान बघून तांब्या उचलू नका. आधी आत काय चाललंय ते बघा.

उदबत्तीची काडी इथे लागते. कुंडीत कडेने तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटं ठेवा, काढा. काडी गडद, ओलसर, तिला कण चिकटलेले, तर पाणी नाही. कोरडी आली तर पुढची परीक्षा: एक जुनं, पूर्ण वाढलेलं पान दोन बोटांत धरून हलकेच दुमडायला बघा. ताठ असेल, वाकायला तयार नसेल, तर वेलीच्या पोटात पाणी आहे, अजून दोन दिवस थांबा. चामड्याच्या पट्ट्यासारखं मऊ वाकलं आणि काडीही कोरडी असेल, तर आज पाणी. पान मऊ आणि काडी ओली, असं असेल तर मात्र धोक्याची घंटा. कुंडी उपडी करा आणि मुळं तपासा.

पाणी घालायचं तेव्हा भरपूर. न्हाणीघरात न्या, तळातून धो धो वाहीपर्यंत घाला, अर्धा तास निथळू द्या, मग जागेवर टांगा. घोट-घोट पाणी कामाचं नाही. खाली बशी असेल तर तिच्यातलं पाणी ओतून द्या. मी सुरुवातीला एकदा कुंडी गॅलरीच्या ग्रीलला टांगून तिथेच पाणी घातलं होतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी कुरडया वाळत घातल्या होत्या. पुढचं विचारू नका.

किती दिवसांनी, असं सगळे विचारतात. माझ्या खिडकीत, माझ्या मिश्रणात, एप्रिल-मेमध्ये चार-पाच दिवसांनी, पावसाळ्यात दहा-बारा दिवसांनी, थंडीत आठ-दहा दिवसांनी. तुमच्याकडे हेच आकडे चालतील असं नाही. महाबळेश्वर, पाटण, जावळीकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवाच ओली असते, तिथे दोन-तीन आठवडे पाण्याला हात लावायची गरज पडणार नाही. जत-आटपाडीकडे त्याच महिन्यांत कोरडा वारा सुटलेला असतो. काडीला विचारा.

पाणी कसलं, हेही महत्त्वाचं. बोअरचं जड पाणी वर्षभर घातलं की कुंडीच्या कडेला पांढरा थर चढतो आणि पानांची टोकं करपतात. नळाचं पाणी असेल तर ते वापरा. पावसाचं साठवता आलं तर सोन्याहून पिवळं. एसीतून ठिबकणारं पाणीही चालतं, त्यात क्षार नसतात. आरओ मशिनमधून बाहेर पडणारं पाणी मात्र कुंडीला नको. वाया जाऊ नये म्हणून बादलीत धरून आपण ते झाडांना घालतो, पण मशिनने काढून टाकलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. फरशी पुसायला वापरा. बोअरशिवाय पर्याय नसेल, तर पावसाळ्यात एकदा कुंडी तासभर पावसात ठेवून आतले क्षार धुऊन काढा.

६. काहीच न घडण्याचा काळ

रोप लावल्यावर पहिले चार-सहा महिने वेल जागची हलत नाही. आत मुळं धरत असतात. मग अचानक एक लांबलचक, बिनपानांची दोरी बाहेर पडते, फूटभर, दीड फूट, हवेत काहीतरी शोधत असल्यासारखी. नवख्या माणसाला ती रोगट वाटते आणि तो ती कापतो. कापू नका. पानं मागाहून येतात, कधी महिन्याने, आणि पुढचं बरंचसं काम याच दोरीवर होतं. फार आडवी जात असेल तर खाली वळवून लोंबू द्या किंवा तारेच्या कड्यावर गुंडाळा. जिथे दुसऱ्या वेलीच्या गळ्यात पडेल तिथून वेळीच सोडवा.

कटिंगपासून वाढवलेली वेल फुलायला दोन-तीन वर्षं लागतात. माझ्या वेलीला तीन पूर्ण झाली तरी पत्ता नव्हता, कारण पहिलं वर्षभर मी तिला टीव्हीजवळ ठेवलं होतं.

७. खुंटी

एक दिवस पानाच्या बगलेतून पानही नाही, फांदीही नाही, असा एक आखूड, जाड दांडा निघतो. टोक बोथट, जरा खडबडीत. मी त्याला खुंटी म्हणते. कळ्यांचा झुबका या खुंटीच्या टोकाला लागतो. फुलं गळून गेली की खुंटी वाळक्या काडीसारखी दिसते, आणि हात शिवशिवतात. पण पुढच्या खेपेला कळ्या त्याच खुंटीवर येतात. दर बहराला ती थोडी लांबते. वर्षानुवर्षं तीच खुंटी फुलत राहते.

आता मामाची गोष्ट. मामाची तासगावकडे द्राक्षबाग. एप्रिलचा महिना, बागेत खरड छाटणी चाललेली, आणि मामा दवाखान्याच्या कामासाठी सांगलीत आलेला. मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तर मामा स्टुलावर चढलेला, हातात गाडीतून आणलेली छाटणीची कात्री, आणि फरशीवर वेलीच्या दुधाळ चिकाचे थेंब. सहाच्या सहा खुंट्या खाली पडलेल्या.

"आगं, वाळल्याली काडी ठिवून काय करतीस? छाटल्याबिगर माल धरत न्हाई."

द्राक्षाला ते खरं आहे. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, नव्या काडीवर घड. मामाचं सगळं आयुष्य त्यात गेलं. होयाचा हिशोब मात्र नेमका उलटा, आणि हे त्याला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. मी काही बोलले नाही. मामाच बोटाला लागलेला चीक बघून म्हणाला, "ह्यो चीक कशाचा?" त्या वर्षी एकही फूल आलं नाही. वेलीला सगळ्या खुंट्या नव्याने काढाव्या लागल्या.

तेव्हा फुलं गळली की वाळक्या पाकळ्या हाताने टिपून घ्या, खुंटी राहू द्या. ती पिवळी पडून स्वतःहून गळली तरच गेली म्हणायची. छाटायचंच असेल, म्हणजे वाळलेला शेंडा, रोगट पान, तर खुंट्या कुठे आहेत ते आधी बघून घ्या. मी आता प्रत्येक खुंटीला लाल लोकरीचा धागा सैलसर बांधते. घरच्यांना वाटतं नजर लागू नये म्हणून. वाटू दे.

कापताना जो पांढरा चीक येतो तो डोळ्यांत जाऊ देऊ नका, हात साबणाने धुवा, आणि फरशीवरचा लगेच पुसा. होया मांजरा-कुत्र्यांना विषारी मानली जात नाही, तरी लोंबणारी दोरी मांजराला खेळणंच वाटते, तेवढी उंच टांगा.

८. कळ्या आल्यावर

आपल्याकडे साधारण मार्चपासून दिवाळीच्या आसपासपर्यंत कधीही कळ्या येतात. आधी टाचणीच्या डोक्याएवढ्या, मग वाटाण्याएवढ्या, मग पंचकोनी फुगलेल्या. उमलायला महिनाभर सहज लागतो आणि तो महिना संयमाचा. कुंडी हलवू नका, फिरवू नका, फोटोसाठी खाली उतरवू नका. पाणी घालायला न्हाणीघरात नेऊ नका, जागेवरच खाली बादली धरून घाला. या काळात अगदी कोरडीठाक होऊ देऊ नका.

चौथ्या वर्षीच्या दुसऱ्या बहराच्या कळ्या मी गणपतीत घालवल्या. मखर त्याच खिडकीशी मांडायचं होतं, म्हणून कुंडी सात दिवस आतल्या खोलीत नेली. पाचव्या दिवशी खाली कळ्यांचा सडा. तेव्हापासून मखराची जागा बदलली.

फूल उमललं की संध्याकाळनंतर वास सुटतो, गोडसर, कार्नोसाचा तर दुधाच्या चॉकलेटची आठवण करून देणारा. रात्री दहा वाजता खोलीत पाऊल टाकलं की कळतं. फुलांतून मधाचे थेंब ओघळतात, तपकिरी आणि चिकट. खाली सोफा असेल तर जुनी चादर टाकून ठेवा. मुंग्या येतील. झुबका आठवडाभर तरी टिकतो.

९. खत

थोडकं. मार्च ते सप्टेंबर, महिन्यातून एकदा, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं) विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, तेही आदल्या दिवशी साधं पाणी घालून झाल्यावर. थंडीत बंद. आपल्याकडे बागायतदारांच्या घरी ०:५२:३४ चं (स्फुरद-पालाशाच्या खताचं) पुडकं असतंच आणि 'फुलांसाठी हे घाल' असा सल्लाही. उजेड कमी असेल तर कुठलंही पुडकं फूल आणत नाही. ताकाचं पाणी, चहाचा चोथा, तांदूळ धुतलेलं पाणी यांतलं काही घरात लटकणाऱ्या कुंडीत घालू नका, चिलटं होतात.

१०. कीड

सगळ्यांत मोठा शत्रू मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. द्राक्षवाल्यांना याची वेगळी ओळख करून द्यायला नको. पानांच्या बगलेत, खुंटीच्या बुडाशी, कापसाचे पुंजके. कापूस स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुंजका पुसून काढा. दर चार-पाच दिवसांनी, निदान तीन वेळा, कारण अंडी मागे राहतात. आधी एका पानावर स्पिरिट लावून दिवसभर बघा. कोवळ्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा येतो, तोच जो रस्त्याकडेच्या रुईवर दिसतो. तो न्हाणीघरात पाण्याच्या धारेने जातो. उन्हाळ्यात पानं निस्तेज, मागे बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. पानं दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसा. कडुलिंबाचं तेल लिटरला ५ मिली, भांड्याच्या साबणाचे चार थेंब घालून, संध्याकाळी फवारा. उन्हात फवारलं तर पानं भाजतात.

बागेसाठी आणलेलं कीटकनाशक घरात फवारू नका. 'झाकणभरच तर टाकायचंय' म्हणून कुणी देऊ केलं तरी नाही. ती औषधं उघड्या शेतासाठी असतात, मुलंबाळं झोपतात त्या खोलीसाठी नव्हेत.

११. कटिंग

जून ते सप्टेंबर हा काळ धरा. दोन पेरांचा, खुंटी नसलेला तुकडा घ्या. अगदी कोवळा शेंडा नको. खालच्या पेराची पानं काढा, चीक सुकेपर्यंत दोन-तीन तास सावलीत ठेवा. मग खालचं पेर पाण्यात बुडेल असं काचेच्या ग्लासात, किंवा ओलसर कोकोपीटमध्ये खोचा. पाण्यात ठेवलं तर मुळं दिसतात, म्हणून मला ते बरं वाटतं. दर तीन-चार दिवसांनी पाणी बदला. तीन ते पाच आठवड्यांत मुळं फुटतात. इंचभर झाली की वरच्या मिश्रणात लावा.

मुळं कुजलेली वेल वाचवायचा मार्गही हाच: वरचा निरोगी भाग कापून नव्याने लावायचा. दुसऱ्या वेलीच्या वेळी हे माहीत असतं तर ती आज असती.

खालच्या काकूंना मी एक कटिंग दिलं, कुरडयांच्या भरपाईत. गेल्या जुलैमध्ये एक मामालाही दिलं, नारळाच्या तुकड्यांसकट, लाल धागा बांधून. त्याने कुंडीवर खडूने लावल्याची तारीख लिहिली आहे, बागेत छाटणीची तारीख लिहितात तशी. द्राक्षाचा माल फळछाटणीपासून चार-साडेचार महिन्यांत हाताशी येतो. परवा फोन आला, "दीडशे दिवस हून गेलं. माल कधी धरायचा हिचा?"

"मामा, दोन-तीन वर्षं."

पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाला, "बरं. पानी तरी कवा घालू?"

"उदबत्तीची काडी आहे का घरात?"